पुण्यात शिकायला येताय? मग आधी फाइल, नंतर कॉट

जून-जुलैमध्ये सकाळी सहाला वाकडेवाडीच्या एसटी स्टँडवर उभं राहा, कोण कशासाठी आलंय ते विचारावं लागत नाही. एक मुलगा नाहीतर मुलगी, सोबत वडील किंवा मामा, एक सॅक, एक चेन तुटायला आलेली बॅग आणि हातात बटणाची प्लास्टिकची फाइल. सॅक खाली ठेवतील, बॅगेवर बसतील पण, फाइल मात्र हातातून सुटत नाही.

त्या फाइलपासूनच सुरू करू. कारण युनिव्हर्सिटीत जायची तयारी म्हणजे अभ्यासाची तयारी असं सगळ्यांना वाटतं, आणि प्रत्यक्षात पहिले दोन महिने जातात ते कागद, कॉट आणि जेवण यातच. विषयाचं नाव सुद्धा कुणी काढत नाही.

फाइल उघडली की दहावी-बारावीची मार्कशीट, एलसी, सीईटीचं स्कोअरकार्ड, डोमिसाइल, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, त्याची व्हॅलिडिटी म्हणजे जात पडताळणीचं प्रमाणपत्र, नॉन-क्रिमीलेयर, मध्ये एखादं वर्ष गेलं असेल तर गॅपचं ॲफिडेव्हिट. सगळ्याच्या चार-पाच झेरॉक्स, प्रत्येकीवर स्वतःची सही. ओरिजिनल एलसी कॉलेज ठेवून घेतं, त्यामुळे ती देण्याआधीच झेरॉक्स काढा आणि मोबाइलमध्ये स्कॅन पण करून ठेवा, आणि प्लीज, कुठल्याही ओरिजिनलला लॅमिनेशन करू नका.

यातला सगळ्यात हट्टी कागद म्हणजे व्हॅलिडिटी. बाकीचे दाखले सेतूमध्ये, तहसीलमध्ये चकरा मारून, सर्व्हर डाऊन-सर्व्हर डाऊन ऐकून का होईना पण मिळतात. व्हॅलिडिटीला जिल्हा पडताळणी समितीपुढे वाडवडिलांचे पुरावे लागतात, म्हणजे आजोबांच्या शाळेच्या रजिस्टरचा उतारा आणा, तो नाही मिळाला तर कोतवाल बुकातली, म्हणजे गावच्या जुन्या जन्म-मृत्यूच्या वहीतली नोंद शोधा, ती मोडी लिपीत निघाली तर मोडी वाचणारा शोधा. अठरा वर्षांच्या पोराला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला जायचंय आणि घरातले सगळे पणजोबांची जन्मनोंद हुडकतायत, हे आपल्याकडे दर उन्हाळ्यात चालतं. म्हणून हे काम अकरावीतच सुरू करा, बारावीच्या निकालाची वाट बघू नका.

मुलींसाठी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. २०२४-२५ पासून राज्यात ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर, व्यावसायिक कोर्सेसची शिकवणी फी आणि परीक्षा फी शंभर टक्के माफ आहे, आधी ती निम्मीच होती. पण हॉस्टेल आणि जेवण त्यात येत नाही, आणि घरात खरं भांडण तिथेच होतं. फी माफ झाली मग पुण्यात राहायला कशाला पैसे, इथलंच कॉलेज काय वाईट आहे, असं म्हणणारा एक काका प्रत्येक घरात असतोच. शिवाय स्कॉलरशिपचे पैसे आधारला लिंक असलेल्या खात्यात येतात, ते खातं चालू आहे का हे एकदा बँकेत जाऊन बघून या.

आता पुणं. गणेशखिंडीतली ती इमारत तुम्ही फोटोत बघितलेली आहे, इंग्रजांच्या काळात तिथे गव्हर्नर राहायचा. १९४९ साली तिथे पुणे विद्यापीठ सुरू झालं, पहिले कुलगुरू बॅरिस्टर मुकुंदराव जयकर, त्यांच्याच नावाची लायब्ररी आवारात आहे. २०१४ मध्ये सावित्रीबाई फुल्यांचं नाव लागलं. पण गंमत अशी की पुणे युनिव्हर्सिटीला आहे म्हणणारी बहुतेक पोरं या आवारात शिकतच नाहीत. ती असतात पुणे, नगर (आता अहिल्यानगर), नाशिक अशा तीन जिल्ह्यांत पसरलेल्या संलग्न कॉलेजांमध्ये, कुणी कर्वेनगरला, कुणी वाघोलीला, कुणी पार हडपसरच्या पुढे. स्टेटसला फोटो मात्र त्याच इमारतीचा.

त्यामुळे खोली बघताना आधी कॉलेज कुठे आहे ते मॅपवर बघा. सदाशिव पेठेत राहायचं म्हणून बरीच जण हट्ट करतात, तिकडे स्पर्धा परीक्षेवाल्यांची आधीच एवढी गर्दी, आणि मग रोज सकाळी पीएमटीच्या बसला लोंबकळत वाघोली. खोली म्हणजे पूर्ण खोली नाही हं, कॉट बेसिस. चार कॉट, चार लोखंडी कपाटं, एक पंखा, आणि त्या पंख्याखालची कॉट आधी आलेल्याने घेतलेली असते. विचारायचं काय तर पाणी किती ते किती, लाइट बिल भाड्यात आहे का वेगळं, गेट किती वाजता बंद होतं, आणि खोली सोडताना डिपॉझिटमधून किती कापणार. डिपॉझिटची पावती मागायला लाजू नका. घरमालकीण काकू बोलायला कितीही गोड असू देत.

सामान तुळशीबागेत आणि मंडईच्या आसपास सगळं मिळतं, बादली-मग-हँगर गावाहून वाहून आणायची काही गरज नाही. आईला हे पटत नाही, ती बादली देतेच, आणि बादलीत लोणच्याची बरणी.

जेवणाचा प्रश्न या शहराला नवा नाही. जुन्या काळी गरीब घरची पोरं इथे वार लावून शिकली, म्हणजे सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी जेवायचं, नाहीतर मधुकरी मागायची. ज्याचा एखादा वार रिकामा, तो त्या दिवशी उपाशी. अशाच मुलांसाठी १९०९ मध्ये अनाथ विद्यार्थी गृह निघालं. १९५५ साली अच्युतराव आपट्यांनी विद्यार्थी साहाय्यक समिती काढली, ती आजही गावाकडून आलेल्या मुलामुलींची कमी खर्चात राहायची-जेवायची सोय करते. तिच्या फॉर्मवर निकाल लागताच लक्ष ठेवा. विद्यापीठाची कमवा आणि शिका योजना पण आहे, बागेत, लायब्ररीत, ऑफिसात काही तास काम करायचं आणि त्याचे पैसे मिळतात. यात कमीपणा वाटायचं काही कारण नाही.

पुस्तकांची घाई करू नका. अप्पा बळवंत चौकात जुनं पुस्तक मागितलं की दुकानदार वर न बघताच विचारतो, कुठला पॅटर्न? कारण दर काही वर्षांनी सिलॅबस बदलतो, २०१९ पॅटर्न वेगळा, २०२४ पॅटर्न वेगळा, आणि सीनियरने अर्ध्या किमतीत दिलेलं पुस्तक कधी कधी निम्मंच कामाचं निघतं. पहिलं लेक्चर होऊ द्या, मग जा.

आणि मेस लावताना महिन्याचे पैसे एकदम भरू नका, दोन-तीन ठिकाणी एकेक दिवस जेवून बघा. भाजीत तेलाचा तवंग किती, वरणात डाळ किती, पोळी गरम येते की सकाळचीच, ते एका ताटात कळतं. सुट्टीला गावी गेलात तर खाडे धरतात का, म्हणजे न जेवलेल्या दिवसांचे पैसे वजा करतात का, तेही आधीच विचारा. आणि रविवारी संध्याकाळी पुण्यातल्या बहुतेक मेस बंद असतात, हे पुण्यात येऊन पहिल्या रविवारी रात्री आठ वाजता कळण्यापेक्षा आत्ताच ऐकून ठेवा.