कर्ज फिटलं, माफी राहिली

[दृश्य: जुन्या हिशेबवहीची पानं सावकाश उलटतात.]

फेब्रुवारी २०१८. ब्रिटनच्या अर्थखात्याने ट्विटरवर एक माहिती टाकली. गुलामगिरी बंद करण्यासाठी १८३३ साली सरकारने दोन कोटी पौंड मंजूर केले. रक्कम एवढी मोठी होती, की त्यासाठी काढलेलं कर्ज फिटायला २०१५ साल उजाडलं. करदात्यांनो, गुलामांचा व्यापार थांबवायला तुमच्याही पैशाचा हातभार लागला, असं त्यात मोठ्या अभिमानाने म्हटलं होतं.

लोक संतापले. पोस्ट काढून टाकावी लागली.

कारण ते दोन कोटी गुलामांना मिळालेच नव्हते. ते मालकांना मिळाले, ‘मालमत्ता’ गेल्याची भरपाई म्हणून. सरकारच्या वर्षभराच्या खर्चाच्या सुमारे ४० टक्के एवढा हा पैसा. सुटका झाली ती आठ लाख माणसांची, आणि त्यांच्या हातावर एक पेनीही पडली नाही. उलट १ ऑगस्ट १८३४ नंतरही त्यांतल्या बहुतेकांना ‘उमेदवारी’च्या, म्हणजे काम शिकण्याच्या, नावाखाली जुन्याच मालकांकडे फुकट राबावं लागलं. तेही संपलं १८३८ मध्ये.

भरपाई घेणाऱ्यांच्या यादीत एक नाव आहे जॉन ग्लॅडस्टन. पुढे पंतप्रधान झालेल्या विल्यम ग्लॅडस्टन यांचे वडील. अडीच हजारांच्या आसपास माणसं त्यांच्या मालकीची, आणि भरपाई एक लाख पौंडांहून जास्त. गुलाम सुटून जाणार हे दिसताच त्यांनी मळ्यांसाठी कलकत्त्याहून मजूर मागवले. १८३८ मध्ये ‘व्हिटबी’ आणि ‘हेस्परस’ ही दोन जहाजं दक्षिण अमेरिकेतल्या आजच्या गयानाच्या किनाऱ्याला लागली. आपण ज्यांना गिरमिटिया म्हणतो, त्या कराराने बांधलेल्या मजुरांची त्या भागातली गोष्ट इथून सुरू होते. २०२३ मध्ये याच घराण्याचे वंशज गयानात गेले आणि गुलामगिरी व गिरमिट, दोन्हींसाठी त्यांनी माफी मागितली.

एक कुटुंब मागू शकतं. मग राष्ट्र का नाही?

[दृश्य: समुद्र. आवाज फक्त लाटांचा.]

सुमारे सव्वा कोटी माणसं आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून जहाजांत कोंबली गेली. त्यांतली अठरा लाखांच्या आसपास वाटेतच मेली. ‘हे करणारे कधीच गेले, आजच्या लोकांचा काय दोष?’ हा प्रश्न प्रामाणिकपणे विचारला जातो, आणि त्याला उत्तर द्यायलाच हवं. आजोबांच्या गुन्ह्याची शिक्षा नातवाला नको, हे बरोबरच आहे. पण राष्ट्राला आजोबा-नातू नसतात. तेच सरकार, तीच तिजोरी, तीच सही पुढे चालू राहते. म्हणून तर १८३५ मध्ये काढलेलं कर्ज २०१५ मध्ये फेडलं जातं. मालकांचं देणं एकशे ऐंशी वर्षं लक्षात ठेवणारी तिजोरी गुलामांची आठवण निघाली की ‘ते आम्ही नव्हेच’ म्हणते. हे मला पटत नाही.

कॅरिबियनमधल्या हैतीत, फ्रान्सच्या जुन्या वसाहतीत, तर याहून भयंकर घडलं. तिथल्या गुलामांनी लढून स्वातंत्र्य मिळवलं, १८०४ मध्ये. १८२५ मध्ये फ्रान्सच्या राजाने, दहाव्या चार्ल्सने, युद्धनौका पाठवल्या आणि मान्यतेची किंमत सांगितली: १५ कोटी फ्रँक. पुढे ती ९ कोटींवर आणली गेली. सुटलेल्या माणसांनी स्वतःची किंमत मालकांना मोजायची! त्यासाठी काढलेल्या कर्जांचे हप्ते १९४७ पर्यंत चालले.

आफ्रिकेतल्या राजांनीही माणसं विकली, हेही खरं आहे. ते लपवून चालणार नाही. बेनिनचे राष्ट्राध्यक्ष मातिय केरेकू यांनी ते लपवलं नाही. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात, कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये, त्यांनी आपल्या पूर्वजांच्या वाट्याची माफी मागितली.

मोठ्या देशांचा शब्द मात्र ‘खेदा’वर अडतो. ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान टोनी ब्लेअर २००६ मध्ये ‘अतीव दुःख’ म्हणाले. प्रिन्स विल्यम जमैकात, २०२२ मध्ये, जवळपास तेच म्हणाले. खेद दुष्काळ पडला तरी वाटतो. माफीच्या वाक्याला कर्ता लागतो: कुणी केलं, ते सांगावं लागतं. अमेरिकेच्या सेनेटने २००९ मध्ये माफीचा ठराव केला, पण या ठरावाच्या आधारे सरकारवर कसलाही दावा करता येणार नाही, हे त्यातच लिहून ठेवलं.

[दृश्य: ॲमस्टरडॅम, ओस्टरपार्क.]

डिसेंबर २०२२ मध्ये नेदरलँड्सचे पंतप्रधान मार्क रुटे यांनी सरकारतर्फे माफी मागितली. त्यावरही वाद झाला. तारीख आम्हाला न विचारता ठरवली, म्हणून सुरिनाम या जुन्या डच वसाहतीतून आलेल्यांच्या काही संघटना कोर्टात गेल्या. त्यांना हवा होता १ जुलै, मुक्तीचा दिवस. त्यांचं म्हणणं रास्त होतं. माफी ज्याची मागायची, त्याच्या सोयीने मागायची असते. १ जुलै २०२३ ला राजे विलेम-अलेक्झांडर या बागेत उभे राहिले. त्यांनी माफी मागितली, आणि आपल्या घराण्याने या अन्यायाविरुद्ध काही केलं नाही म्हणून क्षमाही मागितली.

सुरिनाममध्ये १८६३ साली मुक्ती झाली तेव्हा मालकांना माणसामागे ३०० गिल्डर मिळाले, आणि सुटलेल्यांपैकी बहुतेकांना आणखी दहा वर्षं सक्तीचं काम. शिवाय एक आडनाव, कारण तोवर त्यांना आडनावच नव्हतं. मालकांची नावं जशीच्या तशी द्यायची नव्हती. मग काही ठिकाणी अक्षरांची फिरवाफिरव झाली. ‘डे व्ह्रीस’चं झालं ‘व्ह्रीस्डे’.

ही आडनावं आजही चालू आहेत. ती बदलायची तर शेकडो युरो मोजावे लागत आणि मानसिक तपासणीलाही सामोरं जावं लागे. २०२२ मध्ये नेदरलँड्समधल्या उट्रेक्ट शहराने ठरवलं, की गुलामांच्या वंशजांसाठी हा खर्च शहर करेल.

[दृश्य: सुरिनामच्या गुलाम-नोंदवहीचं एक पान. नावांचा रकाना. कॅमेरा आडनावाच्या कोऱ्या जागेवर थांबतो.]