पंचगंगेच्या पाण्यावर ठरणारी सहल

(दृश्य: पंचगंगा घाट, पहाट. दगडी पायऱ्या, अर्ध्या पाण्यात असलेली छोटी देवळं.)

कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि लोक जिला गुप्त म्हणतात ती सरस्वती. प्रयाग चिखलीला या एकत्र येतात आणि पुढं नदीला पंचगंगा म्हणतात. कोल्हापूर तिच्या दक्षिण काठावर आहे. बाहेरगावची मंडळी इथं एका दिवसासाठी येतात आणि त्यांच्या हातात बहुधा एकच यादी असते: अंबाबाई, रंकाळा, जोतिबा, पन्हाळा, नृसिंहवाडी, खिद्रापूर, जमलं तर कणेरी मठ. अंतरं बघितली तर हे जमेलसं वाटतं. पन्हाळा जेमतेम 20 किलोमीटर, जोतिबा त्याहून जवळ.

जमत नाही. गडबड अंतरात नाही, माणसं चढण्या-उतरण्यात आहे.

(दृश्य: 17 सीटर ट्रॅव्हलर. माणसं एकेक करून उतरतात, एक आजोबा पायरी शोधतात.)

17 जणांची गाडी एका ठिकाणी थांबली की उतरणं, चपला, स्वच्छतागृह, पुन्हा मोजणी आणि राहिलेल्या दोघांची वाट बघणं, यात बघण्याचा वेळ सोडून वीस-पंचवीस मिनिटं जातात. पाच थांब्यांत दोन तास नुसते दारात गेले. म्हणून दिवसाला तीन थांबे धरावेत, त्यातला एक शहरातला. आणि दिशा एकच: एकतर वायव्येला जोतिबा-पन्हाळा, नाहीतर पूर्वेला खिद्रापूर-नृसिंहवाडी. दोन्ही दिशा एका दिवसात कोंबणारा दिवसभर खिडकीतून ऊस बघतो.

(दृश्य: अंबाबाई मंदिर, महाद्वार.)

दोन्ही बेतांची सुरुवात अंबाबाईपासून करायची, तीही पहाटे. मोठी गाडी देवळाच्या दाराशी जात नाही, थोडं चालावं लागतं. मंदिराला चार दिशांना चार दरवाजे आहेत आणि गटाची पहिली फसगत इथंच होते. पश्चिमेच्या महाद्वाराशी चपला ठेवून आत गेलेला माणूस दर्शन झाल्यावर गर्दीबरोबर उत्तरेच्या घाटी दरवाजानं बाहेर पडतो. मग तो अनवाणी, फोन गाडीत आणि बाकीचे सोळा जण महाद्वारात. आत जाण्याआधी दरवाजाचं नाव सगळ्यांकडून एकदा म्हणवून घ्या आणि जोड्या लावून द्या. एकटा माणूस हरवतो, जोडी सहसा हरवत नाही.

मंगळवारी, शुक्रवारी आणि नवरात्रात रांग किती लांबेल याचा अंदाज बांधू नये. किरणोत्सवाचे दिवसही वेगळेच. 9, 10, 11 नोव्हेंबर आणि 31 जानेवारी, 1, 2 फेब्रुवारी. या दिवसांत मावळत्या सूर्याची किरणं महाद्वारातून थेट गाभाऱ्यात येतात आणि पायांपासून चेहऱ्यापर्यंत चढत जातात. निदान तशी अपेक्षा असते. क्षितिजावर ढग किंवा धुरकट हवा असली की किरणं वाटेतच विरतात. ज्याला हे बघायचंय, त्यानं ती संध्याकाळ दुसऱ्या कशालाही देऊ नये. आणि पाहुण्यांना ‘नक्की दिसेल’ असं तर मुळीच सांगू नये.

(दृश्य: शिवाजी पूल ओलांडून रत्नागिरी रस्ता. डोंगरावर जोतिबा.)

वायव्येचा बेत. आधी जोतिबा, मग पन्हाळा. हा क्रम जेवणावरून ठरतो. पन्हाळ्यावर मंडळींना तांबडा-पांढरा रस्सा खुणावतो, आणि मटण खाऊन जोतिबाला जायला निम्मा गट तयार होत नाही. देव आधी उरकला की दुपारी कुणाची कुचंबणा नाही.

वाडी रत्नागिरी हे जोतिबाच्या गावाचं नाव. कोकणातल्या रत्नागिरीशी गल्लत करून नकाशावर भलतीकडे निघालेल्या गाड्या असतात, तेव्हा चालकाला ‘जोतिबा’ असंच सांगा. रविवार हा देवाचा वार. माघातल्या रविवारी तर कोल्हापुरातून अनवाणी चालत खेटे घालणारे भाविक रस्त्यानं असतात, गाडी त्यांच्या चालीनंच जाते. चैत्र पौर्णिमेच्या यात्रेत सहल ठरवूच नये.

(दृश्य: गुलालाची उधळण. गुलाबी झालेल्या भिंती.)

आणि गुलाल. इथं तो लागणारच. गाडीत परत बसताना तो सीटवर उतरतो आणि कुणीतरी मदत म्हणून ओलं फडकं फिरवतो. मग डाग कायमचा. गुलाल कोरडा असेपर्यंत झटकायचा, पाणी लावायचं नाही. सीटवर आधीच जुन्या चादरी टाकलेल्या बऱ्या, आणि पांढरे कपडे घालू नका हे आदल्या रात्रीच कळवलेलं बरं.

जोतिबावरून गिरोलीच्या रस्त्यानं पन्हाळ्याला जाता येतं. खाली उतरून पुन्हा घाट चढायची गरज नाही. रस्ता अरुंद आहे, त्यामुळे मोठी बस असेल तर मुख्य रस्ताच धरावा.

(दृश्य: तीन दरवाजा, अंधार बाव, अंबरखाना.)

पन्हाळा पायी सगळा फिरायचा तर दिवस पुरत नाही. गटासाठी चार ठिकाणं पुरेशी. तीन दरवाजा आणि अंधार बाव शेजारीशेजारी आहेत. बावेत, म्हणजे विहिरीत, उतरताना पायऱ्यांवर ओल आणि अंधार एकदमच येतो, म्हणून गुडघे दुखणाऱ्यांना वरच थांबवा आणि बाकीच्यांना पाच-पाच जणांनी उतरवा. नंतर अंबरखाना. गंगा, यमुना, सरस्वती अशी धान्याच्या कोठारांची नावं. गंगा कोठीत 25 हजार खंडी धान्य मावायचं असं सांगतात. तो आकडा ऐकण्याआधी माणसांना आत उभं करा, बाहेरून त्याचा काही अंदाज येत नाही. शेवटी सज्जाकोठी, जिथून खालचा मुलूख दिसतो.

वेढ्याची गोष्ट सांगायची तर ती इथंच. मार्च ते जुलै 1660 सिद्दी जौहर खाली बसून होता आणि 12-13 जुलैच्या पावसाळी रात्री शिवाजी महाराज गडावरून विशाळगडाकडे निसटले. पुढं हमखास प्रश्न येतो, ‘पावनखिंड कुठाय, दाखवा की.’ ती इथं नाही. ती विशाळगडाच्या अंगाला आहे आणि तिचा बेत वेगळा, मुक्कामी. 2025 मध्ये युनेस्कोनं जागतिक वारसा यादीत घेतलेल्या मराठा लष्करी स्थापत्यातल्या 12 किल्ल्यांत पन्हाळा आहे, तेव्हा बुरुजावर चढून नाव कोरणाऱ्याला अडवणं हेही गाईडचंच काम.

(दृश्य: उसाचे ट्रॅक्टर, दोन-दोन ट्रॉल्या. मग खिद्रापूरचा कळस नसलेला मंडप.)

पूर्वेचा बेत उलटा लावायचा: सगळ्यात लांबचं आधी. अंबाबाईचं दर्शन झालं की वाटेत कुठंही न रेंगाळता कुरुंदवाडवरून खिद्रापूर गाठायचं. कोपेश्वराच्या देवळात अनवाणी फिरावं लागतं आणि फरसबंदी दुपारी तापते. एप्रिल-मेमध्ये जाड मोजे सोबत ठेवा.

शिलाहारांच्या काळातलं, 12व्या शतकातलं हे देऊळ. पुढचा स्वर्गमंडप 48 खांबांचा, मधोमध छताला गोल मोकळी जागा, तिच्याखाली एक अखंड गोल शिळा आणि भोवती 12 खांबांचं कडं. शिळेवर पाय ठेवला की सगळे वर बघतात आणि गाईडचं कुणी ऐकत नाही. म्हणून माहिती बाहेर, गजथराजवळ (कोरलेल्या हत्तींच्या रांगेजवळ) सांगून टाका आणि आत गप्प राहा. गाभाऱ्यात कोपेश्वर आणि धोपेश्वर अशी दोन लिंगं आहेत, नंदी मात्र नाही. तो नदीपलीकडं, कर्नाटकातल्या यडूरला असल्याचं गावकरी सांगतात.

गाव छोटं आहे, सतरा जणांच्या जेवणाची आशा तिथं धरू नका. जेवायला नृसिंहवाडी. दुपारचा महाप्रसाद, नाहीतर खानावळी. येताना बासुंदी आणि कवठाची बर्फी. बासुंदी उन्हाळ्यात घरापर्यंत टिकत नाही, बर्फी टिकते. पौर्णिमेला वाडीत गाडी लावायला जागा नसते.

साखर कारखान्यांचा हंगाम सुरू असेल, म्हणजे साधारण नोव्हेंबर ते मार्च, तर परतीचा रस्ता अंधार पडायच्या आत संपवा. मागचा दिवा नसलेली उसाची ट्रॉली ही इथली सगळ्यात मोठी भीती.

(दृश्य: राजाराम बंधारा, पाणीपातळीची पट्टी. पाऊस.)

आता पावसाळा. जून ते सप्टेंबर निघण्याच्या आदल्या रात्री आणि पहाटे, असं दोनदा पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघायची. साधारण 30 फुटांच्या आसपास पंचगंगा पात्राबाहेर पडू लागते, 39 फुटांना इशारा, 43 ला धोका. राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे उघडले की ते पाणी काही तासांनी शहराशी येतं, म्हणजे सकाळी मोकळा असलेला रस्ता संध्याकाळी बंद होऊ शकतो. रत्नागिरी रस्त्यावर केर्लीजवळ पाणी येतं. 2019 आणि 2021 च्या महापुरात तर शिरोलीजवळ महामार्गच बंद पडला होता.

वाडीचं गणित आणखी वेगळं. तिथं कृष्णाही आहे. कोल्हापुरात ऊन असताना कोयनेच्या पाण्यानं वाडीचा घाट बुडालेला असू शकतो, म्हणून फक्त पंचगंगेची पातळी बघून निघू नका. देवळाच्या उत्तर दरवाजानं शिरलेलं पाणी पादुकांवरून दक्षिण दरवाजानं बाहेर पडतं, त्याला दक्षिणद्वार सोहळा म्हणतात. त्या पाण्यात स्नान करायला लोक धावतात. ही तारीख आधी ठरवता येत नाही. पाणी आणखी चढलं की देऊळच बंद होतं. लहान मुलं आणि पोहता न येणारे असतील तर लांबून हात जोडावेत.

नदीनं दोन्ही वाटा अडवल्या तर उरतो दक्षिणेचा कणेरी मठ. तिथं जायला पंचगंगा ओलांडावी लागत नाही. गावगाड्याचे पुतळे बघण्यात मुलांचे दोन तास सहज जातात. परत शहरात, रंकाळ्याला पाऊस थांबला असेल तर भेळ, आणि चपलांची खरेदी सगळ्यात शेवटी. नवी कोल्हापुरी चप्पल सकाळी घेतली की गट दिवसभर लंगडत चालतो.