बँकेचा अहवाल दिल्लीत कोणाकडे जातो?

यंत्रातून मोजून निघालेल्या या नोटा थोड्याच वेळात एका खात्यात जमा होतील. रोखीचा व्यवहार, किंवा महिनाभरातले परस्परांशी जोडलेले व्यवहार, 10 लाख रुपयांच्या वर गेले, तर त्यांची माहिती बँकेला पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत दिल्लीला कळवावी लागते. व्यवहार संशयास्पद वाटला, तर रकमेची अट उरत नाही. पडद्यावर इशारा उमटला, की बँकेचा अधिकारी खातेदाराचा व्यवसाय, उत्पन्न आणि जुनी उलाढाल ताडून पाहतो, संशयाचे कारण लिहून काढतो आणि खातेदाराला सुगावा लागू न देता अहवाल पाठवतो.

तो अहवाल स्वीकारणारे फायनान्शियल इंटेलिजन्स युनिट, म्हणजे एफआययू, 18 नोव्हेंबर 2004 रोजी केंद्राच्या एका कार्यालयीन आदेशाने स्थापन झाले. चाणक्यपुरीतील सम्राट हॉटेलच्या सहाव्या मजल्यावर त्याचे कार्यालय बरीच वर्षे होते. रस्त्याचे नाव कौटिल्य मार्ग, हा निव्वळ योगायोग. प्राप्तिकर, सीमाशुल्क, रिझर्व्ह बँक, सेबी येथून अधिकारी येथे प्रतिनियुक्तीवर येतात. ते छापे घालत नाहीत, अटक करत नाहीत. विखुरलेल्या नोंदी जुळवून ज्या तपास यंत्रणेचा विषय असेल, तिच्याकडे निष्कर्ष सोपवतात.

आदेशानुसार हे युनिट स्वतंत्र असून अर्थमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील आर्थिक गुप्तवार्ता परिषदेला थेट उत्तरदायी आहे. प्रशासकीयदृष्ट्या मात्र ते महसूल विभागात मोडते, आणि त्याच्याकडून माहिती घेणारी ईडीही त्याच विभागात आहे. युनिट कोठे असावे, हे मनी लाँडरिंगविरोधी निकष ठरवणारी आंतरराष्ट्रीय संस्था ‘एफएटीएफ’ ठरवून देत नाही. अमेरिकेत ते वित्त खात्यात आहे, नेदरलँड्समध्ये पोलिसांत. कोणती माहिती कोणाला द्यायची, हा निर्णय युनिटने कोणाच्याही दबावाविना घ्यावा, एवढाच ‘एफएटीएफ’चा आग्रह आहे.

नायजेरियाचे युनिट तेथील आर्थिक गुन्हे आयोगाच्या पोटात होते. स्वायत्तता आणि गोपनीयतेच्या प्रश्नावरून अशा युनिट्सची जागतिक संघटना असलेल्या एग्माँट गटाने 2017 मध्ये त्याचे सदस्यत्व निलंबित केले, आणि 2018 मध्ये स्वतंत्र कायदा झाल्यावरच ते परत मिळाले.

भारत 2007 पासून या गटाचा सदस्य आहे. येथे संचालकाचे अधिकार मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्यातून येतात, पण युनिटचा स्वतःचा कायदा नाही. संचालकाची निश्चित मुदत, त्याला हटवण्याची पद्धत आणि अहवालांच्या गोपनीयतेची जबाबदारी अशा कायद्यात लिहिली गेली पाहिजे; युनिट मग महसूल विभागातच राहिले तरी चालेल.