कयाकचा नांगर

नमस्कार श्रोतेहो.

शेतातल्या अवजाराला आपण नांगर म्हणतो आणि होडीच्या अवजारालाही नांगरच. हा शब्द मला फार आवडतो, कारण काम कसं चालतं ते त्यातच आहे. बैल नांगर जमिनीलगत ओढतात म्हणून फाळ मातीत शिरतो. वर उचललात की तोच फाळ अलगद सुटून येतो. पाण्याखालीही हेच घडतं. कयाक, म्हणजे वल्ह्याने चालवायची छोटी अरुंद होडी, घेऊन खाडीत गरवायला निघालेली नवी मंडळी मला पहिलं विचारतात, ‘नांगर किती किलोचा घेऊ?’ दीड किलोचा पुरतो. खरं काम दोरीचं आहे. ती लांब सोडली की ओढ तळालगत बसते आणि नांगर रुततो.

नांगराला आधी तीन फूट साखळी जोडा. तिच्या भाराने नांगराचा दांडा तळावर आडवा राहतो. पुढे सहा मिलिमीटरची नायलॉनची दोरी. बाजारातली स्वस्त प्लास्टिकची दोरी पाण्यावर तरंगते, गळाच्या तंगूसात गुंतते, जवळून जाणाऱ्या यांत्रिक होडीच्या पंख्यात जाते, ती नको. पाणी ३ मीटर खोल असेल तर निदान १५ मीटर दोरी सोडा, वारा किंवा ओढ असेल तर २०. खोली मोजताना भरती धरायला विसरू नका. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ साधारण निघते, अष्टमीला सहा वाजता, हे आपल्याकडच्या जुन्या माणसांना तोंडपाठ असतं. सुरुवातीला भांगाचे, म्हणजे भरती-ओहोटी कमी असते ते दिवस निवडा. उधाणाची ओढ शिकायच्या कामाची नाही.

दुकानात सहज मिळतो तो छत्रीसारखा मिटणारा, चार नखांचा ग्रॅपनेल. कातळात तो छान अडकतो, पण आपल्या खाड्यांच्या मऊ चिखलात नुसता खरवडत येतो. चिखलासाठी पंजासारखा, ब्रूस जातीचा नांगर घ्या. पीटर ब्रूस यांनी १९७०च्या दशकात तो घडवला.

कातळात अडकलेला नांगर सोडवायचीही सोय आधीच करून ठेवावी. साखळी वरच्या कडीला न जोडता नांगराच्या बुडाशी जोडा आणि दांड्यालगत वर आणून वरच्या कडीला एका बारीक झिप टायने बांधा. एरवी ओढ त्या वरच्या कडीवरच बसते. अडकला की सरळ वर जाऊन जोरात हिसका द्या. टाय तुटतो, ओढ बुडाकडून बसते आणि नांगर उलटा निघून येतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. दोरी कयाकला कुठे बांधायची?

माझ्या पहिल्या वर्षी मी ती हाताशी असलेल्या, मांडीजवळच्या कडीला बांधली होती. ओहोटी लागली. दोरी ताठ झाली, थरथरायला लागली, तिच्यातून पाण्याचे तुषार उडू लागले. कयाक प्रवाहाला आडवी झाली आणि दोरीकडची कड खाली जाऊ लागली. पाणी मांडीवर आलं. गाठ सुटेना, कारण ताणलेली गाठ सुटतच नाही. अंगातल्या लाइफ जॅकेटला सुरी होती, दोरी कापली म्हणून मी आज इथे बोलतोय.

म्हणून ओढ नेहमी टोकाकडून, शक्यतो नाळीकडूनच, म्हणजे पुढच्या टोकाकडूनच हवी. बसल्या जागेवरून नाळीपर्यंत हात पोचत नाही, त्यासाठी ‘अँकर ट्रॉली’ असते. कयाकच्या पुढच्या आणि मागच्या टोकाला एकेक छोटी कप्पी, त्यांच्यातून फिरणारी दोरीची माळ आणि त्या माळेत एक कडी. नांगराची दोरी कडीतून ओवायची, माळ ओढून कडी नाळीपर्यंत न्यायची, मग दोरीचं टोक बसल्या जागेजवळच्या क्लीटमध्ये, म्हणजे दोरी अडकवायच्या खुंटीत, अडकवायचं. गाठ नाही, नुसता अडकवलेला पेच. दोरीच्या शेवटाला कडीतून सहज निघेल असा छोटा, तरंगणारा बोया बांधा. संकटात पेच सोडलात की दोरी कडीतून सरकून जाते, नांगर तिथेच राहतो, तुम्ही मोकळे होता. नंतर बोया शोधून नांगर परत घ्या.

नांगर फेकू नका, हळू सोडा. उचलताना आधी वल्हवत त्याच्या डोक्यावर या, मगच ओढा.

आणि खाडीत जाण्याआधी हे सगळं कमरेइतक्या, संथ पाण्यात करून बघा. डोळे मिटून बसा, सोबत्याला हाक मारायला सांगा आणि हाक आली की एका हाताने तो पेच सोडा. पाच वेळा, दहा वेळा. डाव्या हातानेही.