कमी कामं चढवा, जास्त माल बाहेर जाईल

मित्रहो, तुमच्यापैकी बहुतेकांचे मशीन शॉप, म्हणजे सुटे भाग बनवून देणारे छोटे कारखाने, पुण्याजवळच्या भोसरी, तळवडे, चाकण या पट्ट्यात आहेत. म्हणून याच पट्ट्यात घेतल्या गेलेल्या एका निर्णयापासून सुरुवात करतो. डिसेंबर २००९ मध्ये बजाज ऑटोनं जाहीर केलं, की आता आम्ही स्कूटर बनवणार नाही. १९७२ साली आलेल्या ज्यांच्या चेतकसाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून थांबायचे, त्या कंपनीनं हे सांगितलं. कंपनीचे व्यवस्थापकीय संचालक राजीव बजाज यांची भूमिका स्पष्ट होती: मोटरसायकलमध्ये जगात नाव काढायचं, तर डिझाइनची माणसं, पैसा आणि विक्रीची ताकद तिथंच लागली पाहिजे. त्यांचे वडील राहुल बजाज यांना ते रुचलं नाही, वाईट वाटलं, आणि तसं त्यांनी उघडपणे सांगितलंही.

या निर्णयाची गोष्ट नेहमी अर्धीच सांगितली जाते. पल्सर चालली, बॉक्सर आफ्रिकेत टॅक्सी म्हणून गावोगाव पोचली, आणि जानेवारी २०२१ मध्ये कंपनीचं बाजारमूल्य एक लाख कोटी रुपयांच्या वर गेलं. हे सगळं खरं आहे. पण त्याच वर्षांत देशातली स्कूटरची विक्री पुन्हा जोरात वाढली, एकूण दुचाकींच्या जवळपास एक तृतीयांशापर्यंत गेली, आणि तो सगळा मलिदा होंडाच्या अ‍ॅक्टिव्हानं आणि इतरांनी घेतला. सोडण्याला ही किंमत पडते. ‘आम्ही फोकस करतो’ म्हणणाऱ्या कुणालाही मी पहिला प्रश्न विचारतो, की काय सोडलंत, आणि त्यात किती रुपये गेले? हा आकडा सांगता येत नसेल, तर बहुधा काहीच सुटलेलं नसतं. फक्त यादीच्या वरच्या चार ओळींना लाल रंग दिलेला असतो.

पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. २०१९ मध्ये चेतक परत आली, विजेवर चालणारी. तिच्यासाठी वेगळी उपकंपनी झाली, २०२२ मध्ये आकुर्डीत वेगळा कारखाना उभा राहिला. नवं काम घेतलं, पण ते मोटरसायकलच्या लाइनमध्ये घुसवलं नाही.

आपल्याला वेगळा कारखाना परवडत नाही, हे मला ठाऊक आहे. आपल्याकडे दोन व्हीएमसी (संगणकावर चालणारी मिलिंग मशीन), तीन लेथ, एक ग्राइंडर, आणि कोटेशनपासून बँकेपर्यंत सगळीकडे मालक स्वतः. म्हणून आपल्यासाठी प्रश्न असा, की एका वेळी शॉपमध्ये किती जॉब उघडे आहेत, म्हणजे किती ऑर्डरींचं काम सुरू होऊन अजून संपलेलं नाही? मी भेट देतो तिथं ऑर्डर बुक नंतर बघतो, आधी मजल्यावरचे बिन आणि ट्रॉल्या बघतो. अर्धवट झालेला माल, त्यावर ‘अर्जंट’ची चिठ्ठी. शेजारच्या बिनवरही ‘अर्जंट’.

पुढे अमेरिकेतल्या एमआयटीत प्राध्यापक झालेल्या जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये एक नियम गणितानं सिद्ध केला. तो आपल्या कामाचा आहे आणि त्याला कॅलक्युलेटरही लागत नाही. शॉपमध्ये ४० जॉब उघडे आहेत आणि आठवड्याला ५ पूर्ण होऊन बाहेर पडतात, तर एका जॉबला सरासरी ८ आठवडे लागणार. ऑपरेटरला ओरडून यात फरक पडत नाही. उघडे जॉब २० वर आणा, बाहेर पडण्याचा वेग तोच ठेवा, आणि मुदत ४ आठवड्यांवर येते. नवं मशीन नाही, ओव्हरटाइम नाही.

तुम्ही म्हणाल, कामं कमी चढवली तर वेगही कमी होईल. नाही होत, कारण वेग ठरवतं ते सगळ्यात तुंबणारं एकच मशीन, आणि त्याच्यापुढे २० जॉबमध्येही रांग असतेच. उलट वेग वाढतो. २०० नगांचा जॉब ‘अर्जंट’पायी तीनदा चढला-उतरला, तर एका सेटिंगच्या, म्हणजे त्या जॉबसाठी मशीन जुळवण्याच्या, जागी तीन सेटिंग झाली. सेटिंगला दोन तास धरले, तरी जादाच्या दोन सेटिंगमध्ये चार तास, म्हणजे अर्धी शिफ्ट गेली. शिवाय प्रत्येक वेळी फर्स्ट पीस, म्हणजे सेटिंगनंतरचा पहिला नग, तपासणं आलं, आणि क्वालिटीचा माणूस दुसरीकडे अडकला असेल तर मशीन त्याची वाट बघत उभं.

मोकळं मशीन बघवत नाही, हे मी समजू शकतो. त्याचा हप्ता चालू असतो. पण तुंबणाऱ्या मशीनच्या आधीचा लेथ भरून ठेवायला नवा जॉब चढवला, की रांगच लांबते. त्या लेथवाल्याला पुढच्या जॉबची टूलिंग लावू द्या, फिक्स्चर (नग पकडून ठेवणारा साचा) दुरुस्त करू द्या. तो वेळ वाया गेलेला नाही.

इथं एक गोष्ट नीट वेगळी करा. एका वेळची कामं कमी करणं आणि ग्राहक कमी करणं, या दोन गोष्टी एक नाहीत. २०१९ च्या वाहन उद्योगातल्या मंदीत एकाच कंपनीवर विसंबलेल्या जॉबवर्कवाल्यांचे किती हाल झाले, ते तुम्ही पाहिलंय. फोकसच्या नावाखाली तसला धोका घ्या, असं मी कधीच सांगणार नाही. ग्राहक चार असू द्या, पण त्या चौघांची कामं एकाच सोमवारी मशीनवर चढायला नकोत.

करायचं काय, तर भिंतीवर एक फळा लावा. उघड्या जॉबची संख्या ठरवा. आजच्या निम्मी जमली तर उत्तम, नाहीतर तीन चतुर्थांश. त्यानंतर एक जॉब डिस्पॅच झाल्याशिवाय दुसरा चढवायचा नाही. हा नियम पहिल्यांदा मालकच मोडतो, मोठ्या ग्राहकाचा फोन आला की. त्या वेळी ‘हो साहेब, आज लावतो’ म्हणू नका. फळ्यावर बघून तारीख द्या, आणि ती पाळा. त्याला चढवल्याची बातमी नको असते, माल कधी मिळणार ते हवं असतं.

यात पैशाचाही हिशेब आहे. एमएसएमई कायद्यात खरेदीदारानं पैसे द्यायची मुदत जास्तीत जास्त ४५ दिवस आहे, पण ते दिवस मोजायला सुरुवात होते त्यानं माल स्वीकारल्यावर. तुमच्या मजल्यावर बिनमध्ये पडलेल्या अर्ध्या मालाला ही मुदत लागू होत नाही. त्यातल्या स्टीलवर कॅश क्रेडिटचं, म्हणजे बँकेच्या खेळत्या कर्जाचं, व्याज मात्र रोज चढतं. उद्या फळा लिहिताना प्रत्येक उघड्या जॉबपुढे त्यात अडकलेल्या कच्च्या मालाची रक्कमही लिहा. थांबवायचे जॉब निवडताना ती बघा, आणि जे थांबवाल त्यांच्या ग्राहकांना त्याच दिवशी स्वतः फोन करून नवी तारीख कळवा.