मामांची बाजू कोण मांडणार?

(दृश्य: अलका टॉकीजचा चौक. विसर्जनाची रात्र संपून लख्ख उजाडलेलं. रस्त्यावर गुलाल, तुटक्या चपला, पाण्याच्या बाटल्या. दुभाजकावर बसलेल्या दोन पोलिसांचे फक्त बूट दिसतात.)

पुण्यात चौकातल्या पोलिसाला सगळे मामा म्हणतात. "मामा, सोडा ना, उद्यापासून हेल्मेट घालतो." माझे मामा खरोखरच पोलिसात होते. आईचे सख्खे भाऊ. १९८३ साली शिपाई म्हणून भरती झाले. अनंत चतुर्दशीला ते घरी असल्याचं आमच्यापैकी कुणालाच आठवत नाही. सकाळी मंडईतून मानाचे गणपती निघायच्या आधी ते हजेरीला गेलेले असत आणि परत येत ते दुसऱ्या दिवशी दुपारनंतर. बूट काढताना मामी बादलीत कोमट पाणी आणि मीठ घेऊन उभी. मोजे पायाला चिकटलेले असायचे, ते आधी पाण्यात भिजवून मग ओढावे लागत. लक्ष्मी रोड, टिळक रोड, कुमठेकर रोड, केळकर रोड अशा सगळ्या रस्त्यांवरची मंडळं या एका चौकात येतात. इथं ज्याला उभं केलं त्याला चोवीस तासांनी सुटलो तरी लवकर सुटल्यासारखं वाटतं.

आधीच सांगून ठेवते. या फिल्ममध्ये वर्दीतला एकही माणूस बोलणार नाही. आम्ही विचारलं नाही असं नाही. विचारलं. सगळे हसले आणि चहा पाजला.

(दृश्य: चहाच्या टपरीवर कटिंगचे ग्लास. हात दिसतात, चेहरे नाहीत.)

त्यांच्या हसण्यामागे कायदा आहे. पोलीस दल (अधिकारांवर निर्बंध) अधिनियम, १९६६. राज्यघटनेचं १९वं कलम तुम्हा-आम्हाला संघटना बांधायचा हक्क देतं. ३३वं कलम संसदेला मुभा देतं, की सैन्य आणि सुव्यवस्था राखणाऱ्या दलांच्या बाबतीत हे हक्क कमी करता येतील. त्या मुभेतून हा कायदा झाला. त्याचं तिसरं कलम सांगतं, की मंजुरीशिवाय पोलिसाला कामगार संघटनेचं सभासद होता येणार नाही, मागण्यांच्या सभेत किंवा मोर्चात भाग घेता येणार नाही, आणि ड्युटीचा भाग म्हणून असेल तेवढं सोडून वर्तमानपत्रांशी बोलता येणार नाही. मोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद, दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

पण अपवाद वाचण्यासारखे आहेत. निव्वळ सामाजिक, करमणुकीच्या किंवा धार्मिक मंडळाला परवानगी लागत नाही. म्हणजे मामा भजनी मंडळात मृदंगाची साथ करू शकत होते, आणि केलीही. निव्वळ वाङ्मयीन लेखनालाही आडकाठी नाही. पावसावर कवितासंग्रह काढा, खुशाल काढा. पाऊस क्वार्टरच्या स्लॅबमधून गळतोय असं पेपरात लिहिलंत, की ती कविता राहत नाही.

(दृश्य: शिवाजीनगरची पोलीस लाइन. वाळत घातलेली खाकी पँट. भिंतीवर ओल.)

दुसरा कायदा राज्याचा. १९५१चा मुंबई पोलीस अधिनियम, आता महाराष्ट्र पोलीस अधिनियम. कलम २८ : पोलीस सदैव कामावर आहे असं समजलं जाईल. सदैव! फॅक्टरीतल्या माणसाला शिफ्ट असते, बँकेतल्याला शटर असतं. पोलिसाला रात्री साडेअकराला ग्रुपवर मेसेज येतो, उद्या सकाळी सहाला हजर. साप्ताहिक सुट्टी रद्द. आता ग्रुप आहे, मामांच्या वेळी ठाण्यातून माणूस यायचा. दार वाजलं की मामी आतूनच म्हणायची, "आले, सांगते."

मग कधी कुणी तोंड उघडलंच नाही का? उघडलं. त्याची किंमत मामांच्या भरतीला ट्रेनिंगमध्येच ऐकायला मिळाली. परेडच्या मैदानावर उस्ताद सांगायचे, संघटना-बिंघटना डोक्यात आणू नका, मागच्या वर्षीचं मुंबईचं बघितलंत ना.

(दृश्य: काळा पडदा. फक्त आवाज.)

मागच्या वर्षीचं म्हणजे १९८२. तेव्हा पोलीस कर्मचाऱ्यांची राज्यव्यापी संघटना होती. महाराष्ट्र पोलीस कर्मचारी संघटना. घरं, पगार, कामाचे तास, साहेबांच्या घरची कामं, या तिच्या तक्रारी. त्याच वर्षी जानेवारीत मुंबईचे गिरणी कामगार संपावर गेले होते आणि त्या संपाच्या बंदोबस्ताला हेच पोलीस होते. १५ ऑगस्टला मुंबईत पोलिसांनी काळ्या फिती लावल्या. १८ ऑगस्टला सरकारनं नेत्यांना अटक केली आणि शहर पेटलं. दगडफेक, जाळपोळ, रेल्वे बंद. काही ठिकाणी गिरणी कामगार पोलिसांच्या बाजूनं रस्त्यावर उतरले. शेवटी लष्कर बोलवावं लागलं. मुख्यमंत्री होते बाबासाहेब भोसले. संघटनेची मान्यता गेली, माणसं बडतर्फ झाली. त्यानंतर महाराष्ट्रात पोलिसांना तशी संघटना मिळालेली नाही. दिल्लीच्या पोलिसांनी १९६६च्या कायद्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं होतं, तेही १९८६ साली फेटाळलं गेलं.

मामा या विषयावर कॅमेऱ्यासमोर बोलायला तयार झाले नाहीत. निवृत्त होऊन वर्षं झाली, आता त्यांना कुठलं कलम लागत नाही. तरी उठून त्यांनी आधी खिडकी लावून घेतली. "पंख्याचा आवाज येतोय तुमच्या माइकमध्ये," म्हणाले. पंखा बंदच होता.

(दृश्य: जुन्या पद्धतीचा नकाशा. पिट्सबर्ग, बॉस्टन, लंडन.)

आता जरा लांब जाऊ. अमेरिकेत पिट्सबर्गला १४ मे १९१५ रोजी २३ पोलीस एकत्र जमले आणि त्यांनी फ्रॅटर्नल ऑर्डर ऑफ पोलीस काढली. युनियन हा शब्द नावात येणार नाही याची काळजी घेतली, कारण तेव्हा तो शब्द मालकांना आणि महापौरांना झोंबायचा. चार वर्षांनी बॉस्टनमध्ये हजारावर पोलीस संपावर गेले आणि सगळ्यांची नोकरी गेली. पिट्सबर्गची संस्था मात्र टिकली. आज तिचे साडेतीन लाखांहून अधिक सभासद आहेत आणि वॉशिंग्टनमध्ये कायदेमंडळाशी बोलणारं तिचं स्वतंत्र कार्यालय आहे. कुठलं विधेयक आलं, कोणत्या समितीपुढे गेलं, कोण सही करतोय, हे पाहायला पगारी माणसं.

त्याचं फळ कसं असतं ते एका उदाहरणावरून कळतं. तिकडे १९७७ आणि १९८३ मधल्या दोन तरतुदींमुळे, ज्या सरकारी नोकऱ्यांत सोशल सिक्युरिटीची, म्हणजे तिथल्या केंद्र सरकारच्या निवृत्तिवेतन योजनेची, कपात होत नाही तिथल्या पेन्शनरांना त्या योजनेचे लाभ कमी मिळत. त्यात बरेच पोलीस, शिक्षक, अग्निशमनचे जवान. त्या तरतुदी काढा म्हणून या संघटनेनं इतरांबरोबर वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. अखेर ५ जानेवारी २०२५ रोजी अध्यक्ष बायडन यांनी त्या रद्द करणाऱ्या कायद्यावर सही केली. चाळीस वर्षं लागली, पण हाती आला तो कायदा. साहेब बदलला म्हणून तो जाणार नाही.

ब्रिटननं वेगळी वाट काढली. तिथेही १९१८ आणि १९१९ मध्ये पोलिसांचे संप झाले. १९१९च्या कायद्यानं संप आणि युनियन दोन्ही बंद केलं, पण त्याच कायद्यानं पोलीस फेडरेशन दिलं. संप नाही, पण म्हणणं मांडायची जागा आहे. याच साहेबांनी १९२२ मध्ये हिंदुस्थानासाठी पोलिसांत अप्रीती पसरवण्याविरुद्धचा कायदा केला. त्यातसुद्धा सरकारमान्य पोलीस संघटनेनं मंजूर नियमांनुसार केलेलं काम गुन्हा नाही असं कलम आहे. १९६६च्या कायद्यातही "मंजुरीशिवाय" हाच शब्द आहे. बंदी सरसकट नाहीच. मंजुरी द्यायची की नाही, एवढाच प्रश्न. केरळनं दिली. केरळ पोलीस असोसिएशन आहे, तिची अधिवेशनं होतात. आपल्याकडे आयपीएस अधिकाऱ्यांची असोसिएशन आहे, ती पत्रकंही काढते. हवालदाराची नाही.

(दृश्य: पुणे जिल्हाधिकारी कार्यालयाबाहेरचा रस्ता. बॅरिकेड्स.)

मार्च २०२३. जुन्या पेन्शनसाठी राज्यातले सरकारी कर्मचारी संपावर गेले. १४ तारखेला सुरू झाला, २० तारखेला मिटला. "एकच मिशन, जुनी पेन्शन." घोषणा देणाऱ्यांमध्ये शिक्षक, नर्स, लिपिक. बॅरिकेडच्या अलीकडे काठी घेऊन उभी असलेली तरुण पोरं. १ नोव्हेंबर २००५ नंतर भरती झालेल्या त्या पोरांनाही जुनी पेन्शन नाही. मागणी तीच, पण त्यांचं काम मागणाऱ्यांना रस्त्याच्या कडेला ठेवण्याचं. मी तिथे होते. एका शिपायाचे ओठ घोषणेबरोबर हलत होते असं मला वाटलं. कॅमेऱ्यात ते नाही, त्यामुळे आग्रह धरत नाही.

विधान परिषदेचं गणित घ्या. ७८ जागा. त्यातल्या सात शिक्षकांमधून निवडून येतात. पुणे विभागाचा शिक्षक मतदारसंघ आहे, पुण्यापासून कोल्हापूरपर्यंत. शिक्षकाचं वेतन रखडलं तर सभागृहात उठून बोलणारा त्याच्या मतावर आलेला आमदार असतो. पोलिसासाठी उठणारा कुणीही असू शकतो आणि कुणी नसूही शकतो. एखाद्या आमदाराच्या मनात आलं तर तारांकित प्रश्न, लक्षवेधी. नागपूरच्या अधिवेशनात उत्तर येतं, "बाब शासनाच्या विचाराधीन आहे." त्या अधिवेशनाच्या बंदोबस्ताला पोलीस कुठून कुठून नेलेले असतात.

मग मिळतं काय? मिळतं. आदेशानं मिळतं. २०१६च्या मे महिन्यात मुंबईत देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांची ड्युटी सुरू झाली. योजना तिथल्याच एका कर्मचाऱ्यानं कागदावर मांडली होती आणि आयुक्त दत्तात्रय पडसलगीकरांनी ती उचलून धरली. पुढे महिला पोलिसांना आठ तास, ते नागपूर, अमरावती शहर आणि पुणे ग्रामीणमध्ये आधी झालं आणि २०२२च्या जानेवारीत राज्यभराचा आदेश निघाला, तेव्हा महासंचालकपदाचा कार्यभार संजय पांडे यांच्याकडे होता. त्याच वर्षी किरकोळ रजा बारावरून वीसवर गेली. चांगलंच झालं. पण या यादीत साहेबांचं नाव लागतं, कायद्याचं कलम लागत नाही. आणि कलम २८ आहे तिथेच आहे.

इथं एक गोष्ट मला टोचते, ती सांगितली पाहिजे. अमेरिकेतल्या पोलीस संघटना फक्त पेन्शन मागून थांबल्या नाहीत. चौकशीला सामोऱ्या जाणाऱ्या पोलिसाभोवती त्यांनी कायद्याची भिंत बांधून घेतली. मेरीलँड राज्यानं १९७४ मध्ये पोलिसांची हक्कसनद केली. त्या भिंतीआड दोषी माणसं सुटतात अशी ओरड वाढत गेली आणि २०२१ मध्ये त्याच राज्यानं ती रद्द केली. आपल्याकडे पोलीस सुधारणांबद्दलच्या सर्वोच्च न्यायालयाच्या २००६च्या प्रकाश सिंग निकालानंतर पोलीस तक्रार प्राधिकरण, म्हणजे पोलिसांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारी यंत्रणा, कायद्यात यायलाच २०१४ उजाडलं. लॉकअपमधल्या मारहाणीची चौकशी करू नका, असं सांगायला कुणी विधानभवनात जाणार असेल तर ती संघटना मला नको. आठ तास, कोरडं घर, ठरलेली सुट्टी हे सांगायला जाणार असेल तर ती काल हवी होती. दोन्ही मागण्या एकाच लेटरहेडवर येणार नाहीत याची हमी कुणी देणार नाही, हेही मला कळतं.

(दृश्य: लोखंडी ट्रंक. आत फायली, मेडलचा डबा, प्लास्टिकच्या पिशवीत कागद.)

पोलिसाची बायको पोलीस नसते. तिला १९६६चा कायदा लागत नाही. म्हणून जिथे तिथे निवेदन घेऊन उभ्या असतात त्या बायका. मुंबईत बीडीडी चाळींतल्या पोलीस कुटुंबांना घराची किंमत २०२२ साली आधी ५० लाख सांगितली, मग २५, मग १५. कुटुंबं गप्प बसली असती तर ती उतरली नसती, असं माझं मत.

मामींच्या ट्रंकेत २०१६चा एक अर्ज आहे. देवनारची बातमी पेपरात आली त्या आठवड्यातला. आमदारांना लिहिलेला. मामा शेवटची नऊ वर्षं ठाण्यात रायटर, म्हणजे लिखापढी करणारे, होते, आणि अर्ज वाचायला घेतला की पहिल्या ओळीतच कळतं. "सविनय सादर करण्यात येते की, उपरोक्त विषयान्वये..." परिच्छेदांना क्रमांक. समास सोडलेला. दुसऱ्या मुद्द्यात, देवनार येथे शक्य झालेली आठ तासांची कर्तव्यवेळ पुणे शहरात लागू करणेबाबत. तिसऱ्यात, सदर बाब परिपत्रकाऐवजी अधिनियमात समाविष्ट होणेबाबत तारांकित प्रश्न उपस्थित करावा, ही विनंती. चौथ्यात क्वार्टरची गळती. अक्षर मामांचं, ठाशीव, प्रत्येक रफाराला नीट फटका दिलेला. खाली सही मामींची. व्यवसाय : गृहिणी.

"हे तुम्ही लिहिलंत?" मी मामींना विचारलं.

"सही माझी आहे ना?" मामी म्हणाल्या. मामा पेपर वाचत होते. त्यांनी पान उलटलं.

अर्जाच्या कोपऱ्यात आमदारांच्या कार्यालयाचा जांभळा शिक्का आहे. आवक क्रमांकाची जागा रिकामीच आहे. मामांनी चष्मा वर करून तो कागद माझ्या हातातून घेतला, शिक्क्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "अगं, नंबर टाकून घ्यायला पाहिजे होता. तेवढं हिच्या लक्षात राहिलं नाही."

(दृश्य: मामी चहाचे कप उचलून आत जातात. कॅमेरा ट्रंकेवर.)