जांभळ्या झाकणाची नळी

नाशिकहून दिंडोरी रस्त्याला लागलं की म्हसरूळच्या पुढे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचं आवार दिसतं. १९९८ साली स्थापन झालेलं हे विद्यापीठ. ॲलोपॅथीपासून आयुर्वेद, नर्सिंगपर्यंत राज्यभरातली महाविद्यालयं याच्याशी जोडलेली. हाच रस्ता पुढे वणीवरून सुरगाण्याच्या डोंगरात जातो. तिथल्या सिकलसेलच्या, म्हणजे लाल रक्तपेशी विळ्यासारख्या वाकवणाऱ्या आनुवंशिक आजाराच्या तपासणीची ही गोष्ट. वणीपर्यंत द्राक्षबागा, मग नागली, वरई, भात.

   

डोंगरातल्या पाड्यांवर कोकणा, महादेव कोळी, वारली, भिल्ल कुटुंबं राहतात. देशातल्या अनेक आदिवासी पट्ट्यांसारखा इथेही सिकलसेल आहे. आईकडून किंवा वडिलांकडून एकच बदललेलं जनुक आलेला माणूस ‘वाहक’. तो सहसा ठणठणीत असतो, आणि मलेरियाच्या जीवघेण्या तडाख्यातूनही बऱ्याचदा निभावतो. म्हणूनच हा बदल मलेरियाच्या मुलखात टिकून राहिला. दोन्हींकडून आला, की मात्र आजार.

उपकेंद्रावर आधी सोल्युबिलिटी टेस्ट होते. बोटातून थेंबभर रक्त घेऊन द्रावणात मिसळायचं आणि नळीमागे काळ्या रेषांचा कागद धरायचा. रेषा दिसल्या नाहीत, तर संशय. मग जांभळ्या झाकणाच्या नळीत शिरेतलं रक्त घेतात आणि हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणाऱ्या एचपीएलसी यंत्रावर पक्कं निदान होतं. डीएनए काढायलाही अशीच नळी लागते. गंमत बघा, आजार लाल पेशींचा, पण डीएनए काढतात पांढऱ्या पेशींतून. परिपक्व लाल पेशीत केंद्रकच नसतं.

सिकलसेलमागचा बदल डीएनएच्या एका अक्षराचा. अकराव्या गुणसूत्रावर ‘ए’च्या जागी ‘टी’. त्यामुळे हिमोग्लोबिनमध्ये काय बदलतं, हे १९५७ पासून ठाऊक आहे. मग जीनोममधली, म्हणजे माणसाच्या संपूर्ण डीएनएमधली, उरलेली ३०० कोटी अक्षरं कशाला वाचायची?

कारण सख्खी भावंडं. दोघांना तोच आजार, पण एक महिन्याआड दवाखान्यात, दुसरा शेतात राबतोय. गर्भात असताना बनणारं हिमोग्लोबिन काहींच्या रक्तात मोठेपणीही जास्त उरतं आणि आजाराची धार बोथट करतं. ते किती उरणार, हे जीनोममधल्या दुसऱ्याच जागा ठरवतात. मानवी जीनोमचा पहिला संदर्भ-नकाशा बराचसा अमेरिकेतल्या एका दात्याच्या डीएनएवर उभा होता. आपल्या लोकांमधले फरक टिपायला ‘जीनोमइंडिया’ प्रकल्पाने १० हजार भारतीयांचे जीनोम वाचले. काम मोठंच आहे.

माझ्या मते खरी कसोटी मात्र अहवाल परत पाड्यावर जातो तेव्हा लागते. ग्रीसमधल्या ऑर्कोमेनोस गावात १९६०-७०च्या दशकांत अशीच तपासणी झाली. लग्नाआधी वाहक ओळखावेत, हा हेतू. झालं भलतंच. वाहकांवर शिक्का बसला आणि काहींनी ते लपवूनच लग्नं केली. रक्त नेलं, प्रबंध झाला, घरच्यांना कळलंच नाही, हे तर त्याहून वाईट. म्हणून या कामात पॅथॉलॉजिस्ट, बालरोगतज्ज्ञ आणि संगणकावर अक्षरं जुळवणारे जितके लागतात, तितकाच समुपदेशक लागतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ची नियमावलीही जनुकीय तपासणीत समुपदेशनाचा आग्रह धरते.

नवरा-बायको दोघं वाहक असतील, तर बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक. प्रत्येक गरोदरपणात नव्याने चारात एक. हे समजावणं सर्वांत अवघड, कारण पहिलं मूल आजारी निघालं म्हणजे पुढची तीन सुटली, असं ऐकणाऱ्याला सहज वाटतं. गर्भाची तपासणी अकराव्या आठवड्याच्या सुमारास करता येते, पण त्यासाठी आधी आई-वडील दोघांचे अहवाल हातात हवेत. समोर इथली डांगी बोली बोलणारी समुपदेशक ताई असली, की नवराही आपलं रक्त तपासायला बोट पुढे करतो.